शाळेची घंटा
(महाजन कुटुंबांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



श्रीचरणी मस्तक ठेवून मी माझ्या चार शब्दांना प्रारंभ करतो. अशा प्रसंगी एखाद्या प्राध्यापकास वा वकिलास पाचारण करण्याचा प्रघात आहे. तो बाजूस सारून समितीने माझ्यासारख्या निवृत्त कारकुनास उभे केले, यात माझ्या योग्यतेपेक्षा समितीच्या ममत्वाचाच भाग अधिक. कारकुनाचा जन्म दुसऱ्याने सांगितलेले लिहून घेण्यात जातो; स्वतःचे असे सांगण्याजोगे त्याच्यापाशी थोडेच उरते. तेव्हा विद्वत्तेच्या वाटेस न जाता मी आपणांस माझ्या प्राथमिक शाळेतील एक आठवण सांगणार आहे. ती सर्वस्वी भूषणावह नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो.

पुढे पणजीस, आल्तिनोवरील लायसियममध्ये माझे शिक्षण झाले हे आपणांस ठाऊक आहे. परंतु मी मुळाक्षरे गिरवली ती बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा या गावी. पोटापाण्याच्या निमित्ताने आपली माणसे कोठे कोठे पांगली! माझे वडील तेथे एका अडत दुकानात हिशेब लिहीत. तूर, मूग, उडीद आणि ज्वारी यांची पोती, त्यांची धूळ आणि हमालांची हाळी यांत माझे बालपण गेले. वर्षातून एकदा कुलदेवतेच्या जत्रेस आम्ही गोव्यास येत असू. तो प्रवास आणि तो नारळीचा गारवा पुढच्या जत्रेपर्यंत पुरवून पुरवून आठवायचा.

चिटगुप्पा आज स्वतंत्र तालुका झाला आहे. त्या काळी तो हुमनाबाद तालुक्यात मोडत असे. हा सारा मुलूख पूर्वी निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्यास कर्नाटक हे नाव १९७३ मध्ये मिळाले. माझ्या पाटीपुस्तकाच्या दिवसांत ते म्हैसूरच होते. बाजारात कानडी, घरात व भजनात मराठी आणि कचेरीच्या जुन्या दप्तरांत उर्दू, अशी तेथील रीत. जवळच्याच माणिकनगरी माणिकप्रभूंनी या तिन्ही भाषांत पदे रचली. आमच्या शाळेच्या आवारातही मराठी व कानडी असे दोन्ही वर्ग भरत. पुस्तके निराळी, कविता निराळ्या. पण घंटा मात्र दोघांना मिळून एकच होती.

ती घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. आवारातील लिंबाला तो तारेने टांगलेला असे आणि लोखंडी कांबीने त्यावर ठोके द्यावयाचे. महिन्याच्या आरंभी गुरुजी वर्गात कामांची वाटणी करीत. कोणी फळा पुसावयाचा, कोणी खडू जपावयाचे, कोणी रांजण भरून त्यावर झाकण व ओगराळे ठेवावयाचे, कोणी प्रार्थना सांगावयाची, कोणी आवार झाडावयाचे. या सर्वांत मानाचे काम घंटेचे. ते चौथीतल्या मुलाकडेच जाई. मी तिसरीत असताना रांजण सांभाळला आणि चौथीत घंटा माझ्या हाती आली.

बालमित्रांनो, आज तुमच्या मनगटावर घड्याळ आहे. आमच्या घरी एकही नव्हते. शाळेच्या कचेरीतील भिंतीवरचे घड्याळ तेवढे पाहावयाचे आणि तास भरताच धावत जाऊन ठोका द्यावयाचा. एका दहा वर्षांच्या पोराने कांब उचलली की कानडी वर्गातील थोरले मास्तरही पुस्तक मिटीत. त्या वर्षी मी घड्याळ वाचण्यास शिकलो आणि त्याहून अधिक म्हणजे वाट पाहण्यास शिकलो. काटा पुढे सरकत नसला तरी त्यास आपण ढकलू नये, हा धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता.

पण एके दिवशी मी तो ढकललाच. मार्गशीर्षातील दत्तजयंतीचे दिवस होते. वडील मला माणिकनगरच्या उत्सवास नेणार होते आणि हुमनाबादची मोटार चुकेल या भीतीने मला चैन पडेना. कचेरीत कोणी नाही असे पाहून मी शेवटची घंटा चांगली वीस मिनिटे आधी दिली. पोरे आरोळ्या ठोकीत बाहेर पडली. मास्तर एकमेकांकडे पाहत राहिले. मोटार मला मिळाली. पण दर्शनाच्या रांगेत उभा असता उद्या काय होणार, याखेरीज माझ्या मनात दुसरे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी छडीच्या तयारीनेच मी शाळेत गेलो. गुरुजींनी मला कचेरीत बोलावले, घड्याळाकडे बोट केले आणि विचारले, "किती वाजले?" मी वेळ सांगितली. "बरोबर आहे. पाच मिनिटांनी पहिली घंटा दे," एवढेच ते म्हणाले. काम माझ्याकडून काढून घेतले नाही. त्यानंतर वर्ष सरेपर्यंत एकही ठोका मी अर्ध्या मिनिटाने चुकू दिला नाही. पुढे तीस-पस्तीस वर्षे मी सरकारी रजिस्टरे लिहिली. त्या नोंदी लिहिताना हात जेथे सैल पडावा असे वाटे, तेथे मला छडी नव्हे, ते न मिळालेले शासन आठवे.

इथवरची गोष्ट मी माझ्या मुलांना आणि नातवंडांना पुष्कळ वेळा सांगितली आहे. उरलेली मात्र आज प्रथमच सांगत आहे.

आमच्या वर्गात दाराजवळ बसणारा एक मुलगा होता. तो गणितात माझ्याहून हुशार होता. दर महिन्याला कामांची वाटणी होई, तेव्हा त्याच्या वाट्यास आवार झाडण्याचे काम येई. रांजण कधी आला नाही. ज्या वर्षी रांजण माझ्याकडे होता, त्या वर्षी तो इतरांप्रमाणे ओगराळ्यास हात न लावता ओंजळ करून उभा राही आणि मी वरून पाणी घाली. तसे करण्यास मला कोणी सांगितल्याचे स्मरत नाही. सांगण्याची गरजच पडू नये, इतके ते सर्वांच्या अंगवळणी पडले होते. अस्पृश्यता राज्यघटनेने केव्हाच रद्द केली होती, १९५५ चा कायदाही झाला होता. पण आमच्या रांजणापर्यंत ते कागद पोहोचले नव्हते.

माझ्या घंटेच्या वर्षी एकदा मधल्या सुटीत तो माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "एकदाच मला ठोका देऊ देशील?" कांब माझ्या हातात होती. ती पुढे करण्यास क्षणाचाही अवधी लागला नसता. मी म्हणालो, "गुरुजींना विचार." त्याने विचारले नाही. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही.

मी वीस मिनिटांची लबाडी केली आणि तरीही विश्वासास पात्र ठरलो. त्याला तर चुकण्याचीही संधी मिळाली नाही. गुरुजींच्या क्षमेने मी घडलो, असे मी अभिमानाने सांगत आलो. पण ती क्षमा ज्याच्या हाती काम दिले त्यालाच मिळू शकते, हे उमजण्यास मला अर्धे आयुष्य लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतील अनुभव लिहून ठेवला आहे. बसण्यासाठी गोणपाट घरून आणावयाचे व परत न्यावयाचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी घालावे तेव्हाच प्यावयाचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे मी प्रौढपणी वाचले, तेव्हा मला कोणा दूरच्या शिपायाची नव्हे, माझ्याच हातातील ओगराळ्याची आठवण झाली.

त्याच साताऱ्यात याचे उत्तरही घडले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आश्रयदात्याच्या उपकारावर न राहता श्रम करून शिकत. काम तेच, झाडण्याचे आणि पाण्याचे. पण ते सर्वांचे झाले आणि कोणालाही उणेपणा आणीनासे झाले.

मुलांच्या हाती शाळा सोपविण्याची कल्पना परकीयही नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांस शिकवीत. मद्रासेत असता अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने अशा देशी शाळांतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, ती रीत आपल्या अनाथालयात चालविली आणि १७९७ मध्ये तिचा वृत्तान्त लंडनला छापला. पुढे 'मद्रास पद्धती' म्हणून ती इंग्लंडच्या शाळांत गेली. माझ्या लहानपणच्या मुलखातील कल्याण नगरी, म्हणजे आजचे बसवकल्याण, तेथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी 'कायक' सांगितले. प्रामाणिक कष्ट हीच पूजा, मग ते कोणाचेही असोत.

आता देवाच्या दारी येतो. १९३३ च्या देवस्थान नियमावलीने आपल्या महाजनकीस आकार दिला. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार ही पदे त्यातून आली. हिशेब चोख राहिले, हे मी कारकून या नात्याने आदराने सांगतो. तथापि नवी पिढी देवळाकडे फिरकत नाही, ही जी तक्रार आपण प्रत्येक सभेत करतो, तिच्याविषयी मला एक नम्र प्रश्न विचारावयाचा आहे. आपण तिच्या हाती काय दिले? पालखीपुढे दिवटी धरण्यास, चवरी ढाळण्यास, समया पुसण्यास, प्रसादाच्या पत्रावळी मांडण्यास आपण मुलांना उभे करतो का? की तेल सांडेल, रांग मोडेल, या भयाने सर्व काही स्वतःच करतो आणि मग त्यांनी मागे उभे राहून मोबाइल पाहिला की खंत करतो?

माझी सूचना अगदी लहान आहे. पुढील उत्सवापासून प्रत्येक मुलास एक काम नेमून द्यावे आणि त्याचे नाव वहीत लिहावे. ती वही मी लिहीन. त्या वहीचे नियम तीनच असावेत. पहिला, त्यात लेकींची नावे लेकांच्या बरोबरीने असावीत. महाजनांच्या जुन्या नोंदींत त्या दिसत नाहीत, म्हणून या वहीत तरी दिसाव्यात. दुसरा, देवळाची झाडलोट करणाऱ्या, वाद्ये वाजविणाऱ्या, फुले पुरविणाऱ्या घरांतील मुलांनाही कामे वाटताना पिढीजात काम तेवढे पुन्हा देऊ नये. समई त्यांच्याही हाती द्यावी आणि झाडू आपल्या मुलांच्याही. तिसरा, कोणाकडून पहिली चूक झाली तर काम काढून घेऊ नये; घड्याळ दाखवावे आणि पुन्हा तेच काम सांगावे.

दुसऱ्या नियमावर काही ज्येष्ठांच्या कपाळी आठी पडली असेल, हे मी येथून पाहत आहे. त्यांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. एवढेच सांगतो की "गुरुजींना विचार" हे उत्तर मी एकदा दिले आहे आणि ते देऊन मला सुख लाभलेले नाही.

बालमित्रांनो, बक्षिसे घेऊन घरी जाताना आज सभामंडपातील घंटा वाजवाल. वाजवून झाली की मागे वळून पाहा. कोणी तिच्यापर्यंत हात न पोहोचलेला उभा असेल, तर बाजूस सरा आणि त्यालाही वाजवू द्या.

श्रीदेव आपणा सर्वांस अशी बुद्धी देवो, एवढे मागून मी आपली रजा घेतो.