जुन्या मोटारीची खरी ओळख



आजचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. गेटसभेत आणि मोर्च्यात बोलणारा माणूस कोट्यवधी रुपयांच्या दुर्मिळ मोटारींविषयी काय सांगणार? अशा मोटारी विकत घेणारे लोक आणि आमच्या युनियनचे सभासद यांची गाठ सहसा पडत नाही, हे खरेच आहे. परंतु या मोटारी घडविल्या कोणी, असे विचारले की उत्तर फिटर, लोहार, सुतार, पत्रेकाम करणारे आणि रंगारी यांच्यापाशी येऊन थांबते. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

दुसरे कारण असे की, माझे शिक्षण शाळेत पुरे झाले नाही. जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि औद्योगिक न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. त्या व्हरांड्यात एकच प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे : हा कामगार तोच, हे कशावरून? जुन्या मोटारीच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. ही मोटार तीच, हे कशावरून?

हा प्रश्न पडतो याचे कारण पैसा. साधी जुनी मोटार भंगाराच्या भावाने जाते, आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी, एखादी नामांकित शर्यत जिंकलेली म्हणून, राजवाड्याच्या किमतीला जाते. दोहोंत पत्रा तोच, रबर तेच, रंगही तोच. फरक केवळ इतिहासाचा. जिथे इतिहासाला भाव येतो तिथे खोटा इतिहास घडविणाराही येतो. म्हणून पारखणारा लागतो.

हा पारखी काय करतो? त्याचे काम दोन बाजूंनी चालते. एक कागदाची बाजू आणि दुसरी धातूची बाजू.

कागद प्रथम पाहू. कारखान्यातून मोटार बाहेर पडते तेव्हा तिच्या चासीचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक, रंग, बॉडी कोणी बांधली, कोणाला दिली, याची नोंद होते. पुढे सरकारी नोंदणी, विम्याचे कागद, दुरुस्तीची बिले, शर्यतीत भाग घेतला असल्यास तिथली यादी, आणि फोटो. हे सारे तारखेवार मांडावयाचे आणि मधे खंड कुठे पडतो ते पाहावयाचे. खंड आढळला म्हणजे मोटार खोटी, असे नाही. परंतु लबाडी शिरते ती बहुधा त्या खंडातूनच. चांगला पारखी गोड गोष्टींनी भरलेल्या वर्षांकडे कमी पाहतो आणि मुक्या वर्षांकडे अधिक पाहतो.

आता धातू. क्रमांक चासीवर आणि इंजिनावर पंचाने ठोकलेले असतात. एकेका कारखान्याचे पंच ओळखू येतात; अंकांचा आकार, ओळीचा वाकडेपणा, ठोक्याची खोली यांवरून जाणता माणूस पुष्कळ सांगतो. कोणी जुना क्रमांक कानशीने घासून नवा ठोकला, तर? इथे धातुशास्त्र मदतीला येते. पोलादावर ठसा उमटतो तेव्हा केवळ वरची खाच पडत नाही. खाचेखालचे धातूचे कणही दबतात. वरचा थर घासला तरी खालचा दबलेला भाग राहतो. त्यावर योग्य ते आम्ल लावले की दबलेला आणि न दबलेला धातू निरनिराळ्या रीतीने झिजतो, आणि पुसलेला आकडा पुन्हा दिसू लागतो. फार खोल घासले असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

याखेरीज बारीकसारीक खुणा असतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात मोटारींत आले. तेव्हा १९२९ सालच्या म्हणविणाऱ्या गाडीत तसा स्क्रू दिसला, तर निदान तो स्क्रू तरी नंतरचा. बहुतेक इंग्रज कारखान्यांत त्या काळी नटबोल्टांना व्हिटवर्थ पद्धतीचे आटे असत. तिथे मिलिमीटरचा बोल्ट सापडला की तो मागाहून बसविला असावा, अशी शंका येते. जुनी चासी रिव्हेट मारून जोडलेली असे; तिथे वेल्डिंगची रेघ दिसली की विचारावे, हा जोड कोणी आणि केव्हा दिला? रंगाचे थर खरवडून मोजले तर गाडी किती वेळा रंगविली तेही कळते. अशी एकेक खूण एकटीने निकाल देत नाही. पुष्कळ खुणा एकाच बाजूला बोट दाखवू लागल्या, म्हणजेच निकाल द्यावयाचा.

आपल्या मुंबईचा संबंधही इथे येतो. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९४७ पासून मोटारी जोडण्यास आरंभ केला. अशा गाडीचे सुटे भाग परदेशातून पेट्यांत येत आणि उभी राही ती इथल्या हातांनी. तिची खरी ओळख परदेशी दप्तरात पुरती सापडावयाची नाही. तिच्या जन्माचा अर्धा दाखला शिवडी-कुर्ल्याचा आहे.

एवढे झाल्यावरही मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. कागद खरे निघाले, क्रमांक खरे निघाले, पण गाडीचे बहुतेक भाग बदललेले निघाले, तर ती गाडी तीच म्हणावयाची की नाही? हा प्रश्न १९९० साली लंडनच्या हायकोर्टापुढे आला. त्या खटल्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडातील बेंटले कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची एक मोटार होती. साडेसहा लिटरच्या इंजिनाची, ‘स्पीड सिक्स’ जातीची. फ्रान्समध्ये ल माँ येथे चोवीस तासांची शर्यत होते, ती या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो हा चालक होता. पहिल्या वर्षी त्याच्या जोडीला बर्किन आणि दुसऱ्या वर्षी किडस्टन. १९३१ साली तिने ब्रुकलंड्सची पाचशे मैलांची शर्यत जिंकली. त्याच वर्षी बेंटले कंपनी डबघाईला येऊन रोल्स-रॉइसने ती घेतली. १९३२ साली गाडीत आठ लिटरचे इंजिन बसवून तिला पुन्हा ब्रुकलंड्सला उतरविले. त्या शर्यतीत ती वळणाच्या उंच बांधावरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. मोडलेल्या गाडीतून बार्नाटोने पुढे बंद टपाची मोटार करून घेतली. कालांतराने ती दुसऱ्या मालकाकडे गेली, आणि तिला पूर्वीचे उघड्या शर्यतीच्या गाडीचे रूप देण्यात आले.

१९९० च्या एप्रिलमध्ये हिचा सौदा सुमारे एक कोटी पौंडांना ठरला. मागाहून घेणारी कंपनी मागे सरली. तिचे म्हणणे असे की, ही मुळी ‘ओल्ड नंबर वन’च नव्हे. प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे गेले. तपासात निघाले ते असे. १९२९ ला जी गाडी जिंकली, तिचे खात्रीने सांगता येईल असे जवळजवळ काहीच उरलेले नाही. १९३० च्या गाडीचे उरले ते पेडलचा दांडा, गिअरपेटीचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब. १९३२ च्या गाडीचे मात्र बरेच आहे : चासीचा सांगाडा, कमानी, पुढचा आस, आठ लिटरचे इंजिन आणि आणखी काही.

श्रोतेहो, आपण न्यायाधीश असता तर काय निकाल दिला असता? न्यायमूर्तींनी शब्द तोलून पाहिले. ही गाडी ‘मूळची’ आहे काय? नाही, कारखान्यातून निघताना होते ते भाग आज तिच्यात नाहीत. ‘मूळच्या जवळपास’ आहे काय? तेही नाही. परंतु ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ आहे काय? तर होय. कारण भाग बदलत गेले ते एकदम नव्हे, थोडेथोडे आणि वर्षानुवर्षे. प्रत्येक वेळी नवा भाग चालत्या गाडीत सामावला गेला आणि गाडीची ओळख कुठे तुटली नाही. शिवाय त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी कोणतीही बेंटले जगात नाही. विकले गेले ते नुसते लोखंड नव्हते. त्या गाडीचा इतिहास आणि कीर्ती हीही त्या सौद्यात होती. निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला.

हा निकाल काहींना चमत्कारिक वाटतो. मला तो वाटत नाही, आणि आपणासही वाटू नये. पुणे-मुंबईच्या लोकांना दख्खनची राणी ठाऊक आहे. ती १ जून १९३० रोजी प्रथम धावली. १९६६ साली तिचे डबे बदलले, २०२२ साली पुन्हा बदलले. तरी फलाटावर उभा असलेला माणूस ‘डेक्कन आली’ असेच म्हणतो, आणि ते खोटे बोलत नाही. तथापि आजचा डबा १९३० चा डबा म्हणून कोणी वस्तुसंग्रहालयाला विकू लागला, तर ती फसवणूक होईल. गाडी तीच, पण डबा तो नव्हे. ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, एवढेच त्या न्यायाधीशांनी सांगितले.

मात्र या तत्त्वाचा दुरुपयोगही तितकाच सोपा आहे. भंगारातून क्रमांकाची एक पट्टी मिळवावयाची, तिच्याभोवती नवी गाडी उभी करावयाची आणि ‘इतिहास सलग आहे’ म्हणावयाचे. किंवा एकाच गाडीची चासी एकाकडे आणि इंजिन दुसऱ्याकडे गेले की दोघांनीही आपली गाडी पुरी करावयाची, आणि दोघांनीही तेच नाव सांगावयाचे. म्हणून सलगपणाचा दावा करणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. बदल हळूहळू झाला की एका रात्रीत? मधल्या प्रत्येक पायरीचा पुरावा आहे काय? आणि त्याच नावाचा दुसरा दावेदार कुठे आहे काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच नाव द्यावे. नाहीतर ‘नक्कल’ हा प्रामाणिक शब्द आहेच, आणि चांगल्या नकलेत लाजण्यासारखे काही नाही.

आपल्याकडे सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली आणि मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, आणि तिच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. इथे ‘मूळ रूप’ या शब्दांवर भर आहे, लंडनच्या निकालात सलगपणावर होता. मला दोन्ही हवेत असे वाटते. काय मूळचे आहे ते वेगळे सांगा, काय सलग आहे ते वेगळे सांगा, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या नावाने वसूल करू नका.

आता माझ्या व्हरांड्याकडे वळतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची वर्षाची सेवा सलग धरीत असत. हा हक्क टाळण्याची युक्ती काही मालकांनी शोधली. माणसाला मधेच काही दिवस घरी बसवावयाचे, मग नव्या बिल्ल्याने, नव्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा घ्यावयाचे, आणि न्यायालयात सांगावयाचे की हा माणूस नवा आहे. एका कारखान्यातील अशा माणसांसाठी आम्ही पुरावा गोळा केला तो उपाहारगृहाच्या कुपनांतून, विमा दवाखान्याच्या कार्डांतून, आणि दसऱ्याला यंत्रपूजेच्या वेळी काढलेल्या फोटोंतून. वर्ष बदले, बिल्ला बदले, पण लेथ तीच आणि तिच्यापुढे उभा असलेला माणूस तोच.

मोटारीचा पारखी याहून वेगळे काय करतो? एका लोखंडी गाडीची अखंड सेवा सिद्ध करण्यासाठी मोठमोठे वकील उभे राहिले, तज्ज्ञ आले, आणि न्यायालयाने मान्य केले की भाग बदलले म्हणून ओळख बदलत नाही. मला त्याचा आनंद आहे. जो न्याय मोटारीला मिळाला, तो ती बनविणाऱ्या माणसालाही मिळावा, एवढेच माझे मागणे.

आणखी एक गोष्ट. बेंटले कारखान्यात १९२० साली वॉल्टर हॅसन नावाचा पंधरा वर्षांचा पोऱ्या कामाला लागला. पुढे तो बार्नाटोच्या शर्यतीच्या गाड्या सांभाळू लागला, आणि कित्येक वर्षांनी जॅग्वारच्या बारा सिलिंडरांच्या इंजिनाच्या रचनेत त्याचा वाटा होता. त्याचे नाव राहिले, कारण ते लिहिले गेले. परंतु त्याच्याबरोबर कानस चालविणाऱ्या किती जणांची नावे राहिली? गाडीच्या मालकांची यादी सर्वत्र मिळते. तिला हात लावणाऱ्यांची यादी क्वचित मिळते. आणि खरे सांगावयाचे तर कोणता भाग केव्हा, का बदलला, हे मालकाला नव्हे, मिस्त्रीलाच ठाऊक असते. तो गेला म्हणजे निम्मा पुरावा गेला.

म्हणून आपणापैकी ज्यांच्या घरी जुनी मोटार, मोटारसायकल किंवा स्कूटर उभी असेल, त्यांना माझी विनंती आहे. तिच्यासाठी एक वही घाला. दुरुस्ती झाली की तारीख, बदललेला भाग आणि काम करणाऱ्या मिस्त्रीचे नाव तीत लिहा, शक्य तर त्याची सही घ्या. काढलेला जुना भाग भंगारवाल्याला देऊ नका. चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा. जुने बिल फाडू नका. आणि आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर जो म्हातारा मिस्त्री बसतो, त्याच्यापाशी एक संध्याकाळ घालवून त्याने कुठल्या गाड्यांवर काय केले ते उतरवून घ्या. पन्नास वर्षांनी कोणी ‘ही तीच कशावरून?’ असे विचारील, तेव्हा ती वही साक्षीला उभी राहील, आणि तिच्याबरोबर त्या मिस्त्रीचे नावही राहील.