घरची शाळा आणि राज्याचा कायदा

अमेरिकेत मुलांना घरीच शिकविण्याची मुभा 50 ही राज्यांत आहे; पण राज्याची वेस ओलांडताच तिच्या अटी पालटतात. टेक्सासमध्ये सरकारला कळविण्याचेही बंधन नाही. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित व नागरिकधर्म मनापासून शिकविले, की झाले. 1994 साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेही घरच्या शिक्षणाला मान्यता दिली. तेच कुटुंब न्यूयॉर्क राज्यात आले, की घरी शिकवू लागल्यापासून 14 दिवसांत शाळाधिकाऱ्यास लेखी सूचना, मग शिक्षणाचा आराखडा, दर तिमाहीस अहवाल, वर्षाअखेर मूल्यमापन! सहावीपर्यंत वर्षाला 900 तास, पुढे 990. आईबापांनी जीव ओतून शिकविले, पण कागद पाठविले नाहीत, तर मूल शाळा चुकविणारे ठरू शकते आणि चौकशी दाराशी येते. टेक्सासमध्येही, मूल आधी सरकारी शाळेत असेल तर पटावरून नाव काढून घेईपर्यंत त्याची गैरहजेरी मांडली जातच राहते.