आधी पास, मग स्मॅश

२००९ मध्ये आपल्या पुण्यात ज्युनियर मुलांची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा झाली... ब्राझील जिंकलं. अशा सामन्यांत टाळ्या मिळतात त्या स्मॅशला. पण खेळ उभा राहतो पासवर, म्हणजे आलेला चेंडू नीट आपल्या सेटरकडे देण्यावर. कुणी म्हणेल, गुण तर स्मॅशच देतो! खरंय. पण पास वाकडा गेला, की स्मॅशसाठी चेंडू वर देणारा सेटर धावत सुटतो... आणि स्मॅश जाळ्यात. म्हणून तर १९९८ मध्ये नियमांत लिबेरो आला, खास चेंडू उचलणारा खेळाडू. जाळ्याच्या उंचीवरून स्मॅश मारायची त्याला मुभाच नाही!

मग पास करायचा कसा? गुडघे वाकवा... हात सरळ, जुळलेले. चेंडू बोटांवर नको, मनगटाच्या वर घ्या. हात झोकू नका... जोर पायांतून येऊ द्या. पुन्हा सांगते, आधी पास, मग स्मॅश. आज मैदानावर गेलात, तर पहिली दहा मिनिटं फक्त पास करा.