वहिवाट स्त्रियांची, उतारा पुरुषांचा

(जळगाव येथे महिलांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभेत ख्रिस्ती उपदेशिकांचा विषय कशासाठी, असा प्रश्न येथे येण्यापूर्वीच मला विचारण्यात आला. ज्या समाजाने धर्मांतर केले, त्याने आपल्या आधी धर्मांतर केलेल्यांचा अनुभव तपासून पाहिलाच पाहिजे, हे माझे उत्तर. धर्म बदलल्याने स्त्रीला नवा मार्ग मिळतो. परंतु त्या मार्गाविषयी चारचौघांत अधिकाराने बोलण्याचा हक्क तिला मिळतो काय?

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा प्रश्न उघडाच येऊन उभा राहतो. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीस संस्कृत शिकविले व त्या मातेने कन्येस. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. दोन वर्षांनी त्यांनी जातीबाहेर, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वैधव्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक असते. पुढची मात्र क्वचितच सांगितली जाते. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकत व शिकवीत असता, त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी सूचना पुढे आली. त्यावर हिंदुस्थानातील बिशपांनी, विशेषतः मुंबईच्या बिशपांनी, हरकत घेतली. पुरुषांना शिकविणाऱ्या बाईचे वजन तिच्या देशभगिनींत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे! रमाबाईंनी पत्रातून जे उत्तर दिले त्याचा आशय असा की, आपल्या पित्याने वा पतीने ज्या गोष्टीस हरकत घेतली नाही, ती या मंडळींना खटकावी याचे नवल वाटते. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांची धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डीन यांनाही त्यांनी स्पष्ट कळविले की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जोखड मी मानेवर घेणार नाही. मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे. भगिनींनो, धर्मांतरितेने नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांना इतके रोखठोक सुनावल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावी मुक्ती मिशन उभे राहिले. १९०५ च्या सुमारास तेथील मुली गट करून आसपासच्या गावी उपदेशास जाऊ लागल्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले. ते केडगावच्या छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी जुळले व छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले व संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. एक गोष्ट येथे दडवून चालणार नाही. शारदा सदन आरंभी वरिष्ठ जातींतील विधवांसाठी होते. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनी ते दार रुंद केले. आपल्या आयाबायांना प्रवेश मिळाला तो उपासमारीच्या वाटेने.

मिशनांच्या इतर कामातही हेच चित्र दिसते. ज्यांना ‘बायबल-बाई’ म्हणत, त्या मराठी स्त्रिया अल्प वेतनावर घरोघर फिरत, बायकांना अक्षर ओळखवीत, शास्त्र वाचून दाखवीत. जेथे पाद्र्याचा प्रवेश नाही अशा माजघरापर्यंत त्या पोचत. परंतु रविवारी व्यासपीठावर पुरुषच! स्त्रियांनी मंडळीत मौन धरावे हे पौलाच्या नावचे वचन पुढे करण्यात येई. याच पौलाने फीबी नावाच्या स्त्रीला जो ग्रीक शब्द लावला, तोच तो स्वतःलाही लावतो. पण भाषांतरात पुरुष ‘अधिकारी’ ठरतो आणि बाई ‘सेविका’ राहते. मी वकील आहे. शब्दाच्या अशा फेरबदलाने मालमत्ता कशी हातची जाते हे मी जाणतो. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. वहिवाट चाळीस वर्षांची, पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे!

कालांतराने काही उतारे बदलले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे निरनिराळी मंडळे एकत्र येऊन उत्तर भारत चर्च स्थापन झाले, आणि तेथे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळू शकते. दक्षिण भारत चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. ज्या इंग्लंडच्या चर्चमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तेथे पहिली स्त्री-बिशप २०१५ साली झाली. रोमन कॅथलिक चर्चमध्ये मात्र शाळा व रुग्णालये चालविणाऱ्या भगिनींना आजही पाळकपद नाही.

आपले घरही तपासू. महाप्रजापती गौतमीला संघप्रवेश मिळाला तो आठ कठोर नियमांसह, असे विनयपिटक सांगते. त्या नियमांविषयी विद्वानांत वाद आहे. पण आपल्या विहारांच्या विश्वस्तपत्रकांविषयी वाद नाही, कारण तो कागद धर्मादाय कार्यालयात कोणालाही पाहता येतो. माझ्यापुढे आलेल्या कित्येक पत्रकांत विहार झाडणाऱ्या, वर्षावासात ग्रंथवाचन करणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या बाईचे नाव विश्वस्तांत नव्हते. विश्वस्त बदलले की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ अन्वये बदल अर्ज द्यावा लागतो. तो कसा भरावा हे ज्या भगिनींना जाणून घ्यायचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. नमुने मी सोबत आणले आहेत.