काळ्या रानात घर बांधताना



आपल्या जुन्या गावगाड्यात जमिनीला दोन नावे होती. पिकते ती काळी आणि जिच्यावर गाव वसते ती पांढरी. ही वाटणी नुसती बोलण्यापुरती नव्हती. गोदावरी, भीमा, पूर्णा यांच्या खोऱ्यांत पाहा, जुनी गावठाणे पुष्कळदा उंचवट्यावर, मुरमाड किंवा पांढुरक्या जागी दिसतील. काळीत नांगर चालायचा, घर क्वचितच उभे राहायचे. पुढे कुटुंबे वाढली, गावठाण पुरेना, रस्त्याकडेची शेते प्लॉट पाडून विकली गेली आणि घरे काळीत उतरली. कर्ज काढून, कुणी घरकुलाच्या अनुदानात घरची भर घालून नवे घर बांधतो, आणि तीन-चार वर्षांत ते दाराच्या कोपऱ्यापासून तिरके चिरते. मग घरधनी गवंड्याला बोल लावतो आणि गवंडी सिमेंटला. खरी गोष्ट दोघांच्याही पायाखाली असते.

काळी माती काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन झालेली. तिच्यातली चिकणमाती मोठी विलक्षण आहे. माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म पापुद्रे तिच्यात एकावर एक रचलेले असतात, पोथीच्या सुट्या पानांसारखे. पाणी या पानांच्या मधे शिरते आणि पाने दूर सारते. माती फुगते. पाणी गेले की पाने पुन्हा जवळ येतात आणि माती आकसते. वैशाखात रानाला चार-चार बोटे रुंद भेगा पडतात, काठी घातली तर कमरेइतकी आत जाते, ते याच आकसण्यामुळे. भेगांतून पहिला पाऊस खोलवर मुरतो, म्हणून शेतकऱ्याला त्या चालतात. घराला मात्र त्या मानवत नाहीत.

या फुगण्याचा जोर किती असावा? चौरस सेंटिमीटरला एक ते तीन किलो, कधी त्याहूनही जास्त. एकमजली घराचा पायावर पडणारा भार बहुधा याहून कमीच असतो. म्हणजे माती घराला उचलू शकते, आणि हलक्या घराला आधी उचलते. "माडी थोडीच चढवायची आहे, साधं दोन खोल्यांचं तर घर, पाया कशाला खोल?" असे कुणी म्हणाले तर त्याला हे जरूर सांगावे.

आता दुष्काळाचे पाहू. १९७२चा दुष्काळ जुन्या मंडळींना आठवत असेल. २०१२-१३ आणि २०१५-१६ची वर्षेही मराठवाडा विसरलेला नाही. एप्रिल २०१६मध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी जमीन नेहमीपेक्षा खोलवर सुकते. घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली, ती ओल धरून राहते. भिंतीच्या कडेची माती उघडी, ती सुकून खाली बसते, आणि तिच्याबरोबर कोपरेही खचतात. त्यानंतर एखादे साल भरपूर पाऊस झाला की कडेची माती फुगून तेच कोपरे वर लोटते. नुसत्या कोरडीने किंवा नुसत्या ओलीने घराचे फारसे बिघडत नाही. एक कोपरा सुका आणि दुसरा ओला, एक साल खाली आणि दुसऱ्या साली वर, ही ओढाताण भिंतीला सोसत नाही.

आणि ही ओढाताण पुष्कळदा आपणच वाढवतो. दुष्काळात सगळे रान कोरडे असते, पण न्हाणीच्या मागचा एक कोपरा ओला असतो. मोरीच्या पाण्यावर केळ नाहीतर अळू लावायची आपली जुनी चाल. पाणी वाया जात नाही, चाल चांगलीच आहे. मात्र केळ भिंतीला लागून नको. सांडपाणी नळीने निदान दहा फूट दूर न्यावे आणि शोषखड्डाही तिकडेच करावा. घराला चिकटून लावलेला लिंब किंवा निलगिरी याच्या उलट काम करते. दुष्काळात झाड पाण्यासाठी मुळे घराखाली धाडते आणि तिथली उरलीसुरली ओल ओढून घेते. झाड पुरते वाढल्यावर जेवढे उंच होणार, निदान तेवढे ते घरापासून दूर असावे. घराभोवती तीन-चार फूट रुंद फरशीचा किंवा कोब्याचा पट्टा, बाहेर उतार देऊन, चारही बाजूंनी अखंड करावा. पागोळ्यांचे पाणी भिंतीजवळ मुरत नाही आणि उन्हाळ्यात तेवढ्या जागेतली माती लवकर सुकत नाही. खर्च थोडा, गुण मोठा. पण सगळे पैसे रंगावर संपल्यावर हा पट्टा राहून जातो, बरे का!

पायाची खोली ठरवताना आणखी एक फसगत होते. आपण घर बांधतो उन्हाळ्यात, कारण शेतीला उसंत असते. त्या दिवसांत काळी दगडासारखी कडक झालेली असते, पहारही लागत नाही. गवंडी म्हणतो, "दादा, तीन फुटांवर जमीन लोखंडासारखी लागली, आता कशाला खणता?" दादांनाही ते पटते. हा कडकपणा चार महिन्यांचा पाहुणा असतो, भाद्रपदात त्याच मातीत पाय रुततो. पाच-सहा फुटांत मुरूम लागत असेल तर मुरमापर्यंत जाऊनच पाया भरावा. त्यासाठी आधी परसात एक खड्डा घेऊन पाहावे, नाहीतर शेजारच्या विहिरीचे थर पाहावेत.

मुरूम फार खोल असेल तर दोन वाटा आहेत. एक वाट रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुळवलेली. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोके पाडतात, तळाशी ती कांद्याच्या गड्ड्यासारखी रुंद करतात आणि सळई घालून काँक्रीट भरतात. फुगवटा भोकाच्या अडीच पट रुंद असतो. ओलीसुकीचा खेळ चालतो तो थर या खुंटाच्या वरच्या भागाशीच राहतो आणि गड्डा खाली घट्ट धरून ठेवतो. खुंटांवर बसणारी तुळई जमिनीला टेकू द्यायची नाही, तिच्याखाली तीन इंच पोकळी ठेवायची, नाहीतर माती तिलाच उचलते. दुसरी वाट मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. कट्टी यांच्या संशोधनातून १९७०च्या दशकात पुढे आली. पायाखालची काळी काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा साधारण मीटरभर थर, थोडे थोडे पाणी मारून धुम्मसाने चेपत भरायचा. कुणी स्वस्त म्हणून वाळू भरतात. वाळू पाणी खाली जाऊ देते आणि साठवूनही ठेवते, त्यामुळे तिच्याखालची काळी फुगायची ती फुगतेच. पाया खणताना निघालेली काळी जोत्यात भरणे तर अगदी वर्ज्य समजावे. घरातली शहाबादी फरशी मधेच उंच होते, ती बहुधा या काटकसरीने.

दुष्काळाचा दुसरा घाव काँक्रीटवर पडतो. विहिरी आटल्या की उरलेले पाणी खारट होते, आणि अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर ते मुळातच खारे. असल्या पाण्यात कालवलेले काँक्रीट दिसायला चांगले दिसते, पण आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे आवरण फोडते. एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमहून जास्त क्लोराइड असेल तर ते पाणी सळईच्या काँक्रीटला भारतीय मानकाने नाकारले आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी तपासून घ्यावे.

पाणी मारण्याची हयगयही अशीच महागात पडते. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, नुसते वाळून नव्हे. साध्या सिमेंटला सात दिवस, कोरड्या कडक उन्हात दहा दिवस, आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला उन्हाळ्यात चौदा दिवस ओल हवी. टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना हे जड जाते, हे खरे. म्हणून ओली गोणपाटे अंथरून त्यांवर प्लास्टिकचा कागद टाकावा, पाणी संध्याकाळी मारावे, निम्म्याहून कमी पाण्यात भागते. तेवढेही पाणी नसेल तर स्लॅब दोन महिने पुढे ढकलावा. उलट, मिश्रण सहज ओतता यावे म्हणून जास्तीचे पाणी ओतू नये. ५० किलोच्या पोत्याला २५ ते ३० लिटर पुरे.

शिक्षक मित्रहो, तुमच्या वर्गात हे सारे दाखवता येईल. गावातली माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. सारख्या दोन काचेच्या उभ्या नळ्या घ्या. दोन्हींत सारखी माती टाका, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरा, नीट ढवळा आणि एक दिवस ठेवा. रॉकेल आता दुर्मिळ झाले आहे, पण पेलाभर पुरते. रॉकेल पापुद्र्यांच्या मधे शिरत नाही, म्हणून त्या नळीतली माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीचा थर रॉकेलातल्या थराच्या दीडपटीहून उंच झाला, तर त्या जागी साधा पाया घालण्याआधी अभियंत्याला विचारायला हवे. मुलांना मळ्यातली, गावठाणातली आणि माळावरची माती आणायला सांगा, फरक त्यांच्याच डोळ्यांना दिसेल.

शाळेच्या भिंतीला भेग असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक खूण करा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुलांकडून त्यांतले अंतर मोजवून वहीत लिहवून घ्या. निदान एक वर्ष. वैशाखात उघडणारी आणि भाद्रपदात मिटणारी भेग मातीच्या खेळाची असते. तीत सिमेंट भरण्याआधी पागोळ्या, मोरी आणि झाड यांची व्यवस्था करा, नाहीतर भरलेले पुन्हा फुटेल. भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुधा तो कोपरा खचतो आहे. आणि ऋतू कोणताही असो, ती वाढतच चालली, तर त्या भिंतीलगत मुलांना बसवू नका. वही घेऊन पंचायत समितीच्या बांधकाम अभियंत्याकडे जा. बारा महिन्यांचे आकडे पाहिल्यावर त्याला पाया कुठे उघडून बघायचा ते लवकर कळते.