सासूसासऱ्यांची खोली आणि शंभर मीटर

झाशीच्या जुन्या शहरात राणी महालाभोवती घरे एकमेकांस खेटून उभी आहेत. पूर्वजांबरोबर मराठेशाहीत येथे आलेली काही मराठी कुटुंबेही या शहराने आपली मानली. अशा दाट वस्तीतील एखाद्या घरी वृद्ध सासूसासऱ्यांना कायमचे राहावयास आणण्याचे ठरले, म्हणजे पहिला प्रश्न जागेचा. त्यांना जिना चढवत नाही. तेव्हा तळमजल्यावरची खोली त्यांना द्यावी आणि मुलांसाठी गच्चीवर एक खोली चढवावी, एवढाच साधा बेत असतो.

या बेताच्या आड येतो तो प्राचीन स्मारकांचा कायदा. मूळ कायदा १९५८ चा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे विनियमित ठरले. पुढे २०१० च्या दुरुस्तीने हा निर्बंध अधिक कडक केला. विनियमित क्षेत्रात अनुमती घेऊन बांधता येते. प्रतिबंधित क्षेत्रात नव्या बांधकामास वाव नाही. आणि बांधकाम म्हणजे नवी इमारतच नव्हे, तर जुन्या घरास वर किंवा बाजूला घातलेली भरही. गच्चीवरची खोली नेमकी येथे अडते. १९९२ पूर्वीच्या घराची डागडुजी व नूतनीकरण करण्यास अर्ज करता येतो, परंतु त्या नावाखाली खोली वाढविता येत नाही. नियम मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निर्बंध अकारण आहेत, असे मात्र नाही. मोकळे सोडले असते तर व्यापारी इमारतींनी राणी महाल केव्हाच झाकून टाकला असता. पण कायद्याची मोजपट्टी बहुमजली दुकानांची रांग आणि म्हाताऱ्यांची एक खोली यांत भेद करीत नाही, आणि अडचण आहे ती येथे. त्यातही २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहात निवासाचाही समावेश केला आहे. एक कायदा म्हणतो, त्यांना आसरा द्या. दुसरा म्हणतो, भिंत उभारू नका.

ज्या वास्तूसाठी हा सारा बंदोबस्त आहे, तीही एके काळी राहते घरच होती. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर किल्ला सोडून राणी लक्ष्मीबाई तेथे राहिल्या. १८४२ च्या त्यांच्या विवाहानंतर वडील मोरोपंत तांबेही झाशीत येऊन राहिले होते. बापाने लेकीच्या सासरी वस्ती करणे जुन्या रीतीत बसणारे नव्हते. पण तेव्हा अडचण रीतीची होती, मीटरची नव्हती.

प्रतिबंधित क्षेत्रातील अर्जदाराच्या हाती राहते ते थोडेच: गळके छप्पर दुरुस्त करावे, ओल आलेल्या भिंतीस गिलावा द्यावा, आणि घराच्या आहे त्याच चौकटीत माणसांची मांडणी बदलावी. मुलांची पुस्तके मग पडवीत येतात, आणि आजोबांचा पलंग खिडकीपाशी.