कोणत्या लाकडाला कोणता सरस?

मंडळी, आज बोलायचं आहे ते लाकूड चिकटवण्याविषयी. तुम्ही म्हणाल, हे सुताराचं काम, आम्हांला काय त्याचं? पण घरात पाट मोडतो, खुर्चीचा पाय निघतो. मग आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "फेविकॉल द्या." दुकानदार देईल तो डबा आणतो. कुठे लावायचा आहे, हे तो विचारीत नाही, आपण सांगत नाही. पहिल्या पावसात पाटाचे पुन्हा दोन तुकडे होतात. पाटाचं एक वेळ चालेल. पण पाळण्याचा सांधा सुटला तर?

म्हणून दुकानात जाण्याआधी वस्तूलाच विचारावं, "बाई, तू राहणार कुठं?" घरात कोरड्या जागी, न्हाणीघरात, की अंगणात उन्हापावसात? या एका प्रश्नावर सारं ठरतं.

पूर्वी सुतार सरस वापरीत. जनावरांची कातडी आणि हाडं शिजवून तो करतात. त्याचे खडे गार पाण्यात भिजत घालायचे. फुगले की तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून सरस पातळ करायचा आणि गरम असतानाच लावायचा. सरळ जाळावर ठेवून उकळला, की त्याचा जोर गेला. वासाचं तर बोलायलाच नको! हा सरस ओल आणि ऊब लागली की सुटतो. हा त्याचा दोष. पण हाच त्याचा गुणही आहे. व्हायोलिनसारखं वाद्य दुरुस्तीसाठी उघडावं लागतं. सांधा सरसाचा असला, तर लाकूड न फोडता उघडता येतो. म्हणून वाद्यं करणारे कारागीर आजही सरस सोडीत नाहीत.

1959 साली मुंबईच्या बलवंत पारेख यांनी फेविकॉल बाजारात आणला. तापवायची कटकट गेली. आता तर कुठलाही पांढरा गोंद असो, आपण त्याला फेविकॉलच म्हणतो. या गोंदात पाणी असतं. ते लाकडात मुरतं, उडून जातं आणि मागे राहतो तो गोंद लाकडाला धरतो. म्हणजे पाणी जायला वाट हवी. लाकडाला पत्रा किंवा काच चिकटवायची असेल, तर हा गोंद घेऊ नका. घरातली खुर्ची, कपाट, देव्हारा यांना मात्र तो उत्तम. न्हाणीघराच्या दाराला साधा पांढरा गोंद चालत नाही. ओलीने तो मऊ पडतो. पाण्याला दाद न देणारा वेगळा गोंद मिळतो, तो मागावा. थोडा महाग पडतो, पण दार दोनदा करण्यापेक्षा स्वस्तच.

दोन नळ्यांचा गोंद असतो, त्याला एपॉक्सी म्हणतात. दोन्ही नळ्यांतला माल सांगितलेल्या मापाने एकत्र केला, की तो दगडासारखा घट्ट होतो. तो फट भरून काढतो, पाण्याला भीत नाही, लाकडाला लोखंडही धरून ठेवतो. हाताला मात्र लागू देऊ नये. रबराचा पिवळा गोंद टेबलावर सनमायका बसवण्यासाठी. त्याची वाफ पेट घेते, तेव्हा तो लावताना विडी ओढू नका आणि चूलही दूर असू द्या. खुर्चीच्या सांध्याला तो कामाचा नाही.

आता बैलगाडीचं लाकडी चाक आठवा. त्यात गोंदाचा थेंब नसतो. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवतात आणि पाणी ओततात. धाव आकसते आणि आरे-पुठ्ठे आवळून धरते. जुन्या सुतारांना ठाऊक होतं, की लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि जिथे असा ताण आहे तिथे नुसत्या चिकटपणावर विसंबू नये. पाळणा, शिडी, झोपाळा यांचंही तसंच. तिथे कूस भोकात नीट बसली पाहिजे आणि वरून खुंटी ठोकली पाहिजे. गोंद हा मदतनीस. एकट्या गोंदावर लेकरू झोपवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

गोंद चांगला असूनही सांधा सुटतो, तेव्हा दोष बहुधा लाकडाच्या तयारीत असतो. ओलं लाकूड चिकटवू नका. ते पुढे आकसतं. जुना गोंद, रंग, तेल खरवडून काढा. साग तेलकट असतो, म्हणून रंधा मारला की त्याच दिवशी चिकटवा. फळीचं कापलेलं टोक गोंद पिऊन टाकतं, तिथे टोकाला टोक जोडलेलं टिकत नाही.

आणि डबा हातात आला, की झाकण उघडण्याआधी त्यावरचं वाचा. आता वाचता येतं ना? माल कधीचा आहे, वाळायला किती तास लागतात, हे आकडे तरी पाहाच. अक्षरं इंग्रजी असली, तर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा.

गोंद पातळ आणि सगळीकडे सारखा लावा. शिकंजा नसेल, तर सांध्याभोवती दोरी गुंडाळा, तीत काठी घालून पीळ द्या आणि काठी अडकवून ठेवा. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. पांढरा गोंद पुरता धरायला एक दिवस, एक रात्र लागते. तोवर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि पोरांना तिच्यावर बसू देऊ नका.